वऱ्हाडातील घरची भाषा आणि कचेरीची भाषा

दर्यापुरास, अमरावतीस अथवा अकोल्यास सुशिक्षित कुटुंबांत अलीकडे एक प्रसंग वारंवार पाहावयास मिळतो. लहान मूल अंगणातून धावत येऊन "मले पानी दे वं माय" असे म्हणाले की आई, आत्या अथवा आजोबा, जो कोणी जवळ असेल तो, त्यास तत्काळ अडवितो आणि बजावतो की असे गावंढळ बोलू नये, इंग्रजी शाळेत मुले हसतील. मुलास पाणी मिळते, पण ते "मला" म्हटल्यावर. आणि कित्येक घरी तर "वॉटर" म्हटल्यावरच. घरातले बोलणे जितके वऱ्हाडी तितके मुलाचे इंग्रजी कच्चे, अशी जी समजूत हल्ली रूढ झाली आहे, तिचा हा परिणाम होय. ही समजूत इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहावी असे आमच्या मनात बरेच दिवस होते. कारण घरची भाषा एक आणि कचेरीची भाषा दुसरी, हा प्रकार वऱ्हाडात इंग्रजांबरोबर आलेला नाही. तो निदान सातशे वर्षांचा जुना आहे, आणि वऱ्हाडी मनुष्याने तो अनेकदा निभावून नेला आहे.

दर्यापूर हे चंद्रभागेच्या काठचे गाव. ही चंद्रभागा पंढरीची नव्हे. ती गाविलगडच्या डोंगरातून उतरते आणि पूर्णेस मिळते. सभोवार काळी कसदार जमीन, खाली खारे पाणी, आणि दृष्टी पोहोचेल तेथवर कपाशी व तूर. गावाचे नाव दर्या इमादशहावरून पडले असे परंपरेने सांगतात. हा राजा सोळाव्या शतकाच्या मध्यास वऱ्हाडावर राज्य करीत होता. त्याच्या घराण्याचा मूळपुरुष फत्तेउल्ला हा विजयनगरच्या मुलखातून पकडून आणलेला कानडी ब्राह्मणाचा मुलगा, असे फिरिस्ता लिहितो. म्हणजे ज्याच्या नावाने हे गाव ओळखले जाते त्याच्या कुळाची मूळ बोली कानडी, दरबारची भाषा फार्सी आणि रयतेची मराठी! एकभाषी गावाचे स्वप्न पाहणाऱ्यांनी दर्यापूर हे नाव उच्चारताना एवढे तरी ध्यानात ठेवावे.

आजही या तालुक्यात चार घरी चार बोली ऐकू येतात. कुणबी, माळी, बारी, तेली, महार यांच्या घरी वऱ्हाडी. मुसलमान कुटुंबांत उर्दू, परंतु बाजारात तिच्यावर वऱ्हाडीचा इतका दाट रंग चढतो की लखनौच्या मनुष्यास ती चटकन उमगू नये. व्यापाऱ्यांच्या पेढीवर मारवाडी व गुजराती. आणि कापूस वेचणीच्या दिवसांत मेळघाटातून खाली उतरलेल्या मजुरांच्या तोंडी कोरकू. मराठीशी जिचा रक्तसंबंध नाही अशी ही कोरकू भाषा मुंडा कुळातील असून त्या कुळाच्या भाषांपैकी ती अगदी पश्चिमेकडची होय. या सर्वांस जोडणारा धागा वऱ्हाडीचा. "मला" ऐवजी "मले", "का" ऐवजी "काहून", "डोळा" ऐवजी "डोया", "विहीर" ऐवजी "इहीर", आणि "जात आहे" ऐवजी "जाऊन राहिला": ही तिची ठळक लक्षणे सर्वांस परिचित आहेत.

आता कचेरीच्या, अथवा व्यापक अर्थाने विद्येच्या, भाषेकडे वळू. या प्रश्नाचा पहिला मोठा निवाडा अमरावती जिल्ह्यातच, रिद्धपूर येथे, महानुभावांनी केला. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस लीळाचरित्र सिद्ध केले ते मराठीत. केशवराजसूरीसारखा पंडित नागदेवाचार्यांशी संस्कृतात बोलू लागला, तेव्हा आचार्यांनी त्यास ती भाषा बाजूस ठेवावयास सांगितले. आपणांस चक्रधरांनी मराठीत उपदेश केला, तेव्हा त्याच भाषेत विचारा, असा त्यांचा आशय होता. संस्कृत ग्रंथ रचल्याने म्हाताऱ्या बाया ज्ञानास मुकतील, ही त्यांची चिंता स्मृतिस्थळात नमूद आहे. विद्येची भाषा कोणती असावी हे ठरविताना पंडिताची सोय न पाहता घरातल्या म्हातारीची सोय पाहणारा हा आचार्य आम्हांस फार मोठा वाटतो. पुढे याच पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत दडवून ठेवले आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ते इतरांस अगम्य राहिले, हा दैवदुर्विलास निराळा. त्याच रिद्धपुरास आता मराठी भाषेचे विद्यापीठ निघाले आहे. त्याच्या वर्गांत वऱ्हाडीस कोठे बसवितात ते पाहावयाचे आहे.

फार्सीचा अंमल याहून दीर्घ. १५९६ साली चांदबिबीने वऱ्हाड मोगलांस दिले. त्यानंतर थोड्याच वर्षांत पूर्ण झालेल्या आईन-इ-अकबरीत अबुल फजलाने वऱ्हाड सुभ्याचे वर्णन केले आहे, आणि त्यात एक लहानशी परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने मोलाची नोंद आहे. उत्तरेत ज्यास चौधरी म्हणतात त्यास या मुलखात देशमुख म्हणतात, कानूगोस देशपांड्या, मुकादमास पाटील आणि पटवाऱ्यास कुळकर्णी, असे तो सांगतो. दिल्लीच्या बादशहाचा हा अतिविद्वान चिटणीस वऱ्हाडातील चार घरगुती शब्द समजून घेऊन आपल्या फार्सी ग्रंथात टिपतो, याचे कारण उघड आहे. ते शब्द न कळले तर वसूल होत नाही! सत्ताधाऱ्याची भाषा कितीही प्रौढ असो, तिला अखेर रयतेच्या उंबरठ्यावर यावेच लागते.

उलट बाजूनेही हेच घडले. फार्सी वऱ्हाडात शाळेतून फारशी शिरली नाही. ती जमाबंदीतून, तंट्यांतून आणि वारसाहक्काच्या कागदांतून शिरली. तहसील, मौजा, परगणा, हक्क, वारस हे शब्द तर सर्व महाराष्ट्राचे आहेत. परंतु वऱ्हाडी शेतकरी स्वतःस शेतकरी म्हणत नाही, "कास्तकार" म्हणतो. स्वतःच्या धंद्याचे नाव फार्सीतून घेतलेला हा मनुष्य आपल्या शेतास मात्र "वावर" म्हणतो, बांधास "धुरा" आणि कपाशीच्या झाडास "पराटी". कचेरीत ज्या वस्तूची नोंद व्हावयाची तिला कचेरीचे नाव, आणि जिला हात लावावयाचा तिला घरचे नाव, अशी ही वाटणी कोणी ठरवून केलेली नाही. तथापि ती शतकानुशतके टिकली. फार्सी शिकण्याकरिता आपल्या मुलाने वावर शब्द विसरावा, असे कोणा देशपांड्यास वाटल्याचे आमच्या वाचनात नाही.

इंग्रजी भाषेचे वऱ्हाडातले पहिले पाऊल दर्यापूरच्या अगदी शेजारी पडले. १८०३ च्या २९ नोव्हेंबरास अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरास गाविलगड पडला, १७ तारखेस देवगावचा तह झाला आणि ३० डिसेंबर रोजी सुर्जी-अंजनगाव येथे शिंद्यांशी तह झाला. अंजनगाव पुढे दीर्घकाळ दर्यापूर तालुक्यातच मोडत असे. या तहांनी वर्धेच्या पश्चिमेचे वऱ्हाड भोसल्यांकडून सुटून निजामाकडे गेले. याच मोहिमेत जनरल वेलस्लीच्या छावणीत एल्फिन्स्टन नावाचा चोवीस वर्षांचा तरुण राजकीय कामगिरीवर होता, आणि त्याचे मुख्य भांडवल म्हणजे उत्तम फार्सी. हिंदुस्थानात राज्य करावयाचे तर दरबारची भाषा शिकलीच पाहिजे, हे त्या काळी इंग्रजासही कबूल होते. पुढे हाच एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला, त्याच्या नावाचे कॉलेज निघाले, आणि त्या कॉलेजात वऱ्हाडचे तरुण इंग्रजी शिकावयास गेले. इतिहासाचे चक्र असे फिरते.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केले. निजामाच्या फौजेच्या खर्चापोटी झालेली ही सोपवणूक होती. १९०२ साली तिचे कायमच्या पट्ट्यात रूपांतर झाले आणि १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांतास जोडले गेले. या पन्नास वर्षांत वऱ्हाडच्या कचेरीत एक नव्हे, दोन परक्या भाषा आल्या, ही गोष्ट बहुधा कोणी लक्षात घेत नाही. साहेबाची इंग्रजी ही एक. दुसरी म्हणजे मुंबई इलाख्यातून आलेल्या कारकून, मुनसफ आणि शिक्षक मंडळींची पुणेरी ग्रांथिक मराठी. ही मराठी वऱ्हाडास परकी म्हणावयाची की नाही, याबद्दल वाचकांचा आमच्याशी मतभेद होईल. परंतु ज्या पोराच्या घरी "मले" आहे त्याच्या पुस्तकात "मला" आले, आणि "मले" लिहिल्याबद्दल त्यास छडी मिळाली, ही गोष्ट काही खोटी नव्हे.

या मंडळींनी वऱ्हाडची सेवा केली, हेही तितक्याच मोकळ्या मनाने सांगितले पाहिजे. अकोल्याच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक विष्णु मोरेश्वर महाजनी यांनी शेक्सपिअरच्या 'सिंबेलाइन'चे 'तारा' हे मराठी रूपांतर केले आणि १९०७ साली पुण्याच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. अशा गुरूंच्या हाताखाली इंग्रजी उत्तम येत असे, यात संशय नाही. परंतु ती कशी येत असे ते पाहा. तर्खडकरांची भाषांतर-पाठमाला हे त्या पद्धतीचे मुख्य साधन होते: मराठी वाक्य द्यावयाचे आणि त्याचे इंग्रजी करावयाचे. पुण्याच्या मुलास एकच उडी मारावी लागे. दर्यापूरच्या कुणब्याच्या मुलास प्रथम "मले भूक लागली" याचे "मला भूक लागली" करावे लागे आणि मग त्याचे इंग्रजी. पहिल्या उडीत तो अडखळला की मास्तरांस वाटे, दुसरीत याचे काही खरे नाही. वस्तुतः दुसरी उडी त्यास सोपी जावी अशी सामग्री त्याच्या बोलीतच होती. "तो जेवते" आणि "तो जेवून राहिला" हा भेद वऱ्हाडी पोर तीन वर्षांचे असताना अचूक करते. इंग्रजीतील साधा व चालू वर्तमानकाळ समजावून देण्यास याहून चांगला दाखला कोणता? परंतु हा दाखला देणे म्हणजे वर्गात वऱ्हाडी बोलणे, आणि ते तर निषिद्ध. आम्ही एका शाळेत हाच प्रयोग सुचविला तेव्हा तेथील गुरुजी केवळ हसले.

इंग्रजी विद्येचे पहिले पीक अमरावतीच्या वकीलवर्गात आले. दादासाहेब खापर्डे हे १८५४ साली वऱ्हाडातच जन्मले, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले, १८८४ साली कायद्याचे पदवीधर झाले आणि काही काळ सरकारी नोकरी करून १८९० पासून अमरावतीस वकिली करू लागले. १८९७ साली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीस भरले तेव्हा स्वागताध्यक्ष तेच होते आणि अध्यक्ष शंकरन् नायर. मलबारच्या अध्यक्षाचे भाषण अमरावतीकरांस समजावे, तर ते इंग्रजीतच व्हावयास हवे होते. इंग्रजीची ही उपयुक्तता कोणी नाकारू नये. खापर्डे आपली रोजनिशीदेखील इंग्रजीतच लिहीत. शिर्डीस साईबाबांच्या सन्निध राहिले असताना त्यांनी ठेवलेल्या इंग्रजी नोंदी प्रसिद्ध आहेत. फकीर बोलतो हिंदुस्थानी-मराठीत, ऐकणारा वऱ्हाडी ब्राह्मण, आणि रात्री कागदावर उतरते ते इंग्रजी! या गृहस्थाचे इंग्रजी घरच्या भाषेने बिघडले असे म्हणण्याची छाती कोणास आहे?

अर्थात हे पीक मूठभरांचे होते. रघुनाथ नरसिंह मुधोळकर, मोरोपंत जोशी, खापर्डे ही नावे थोर खरी. पण खेड्यातला कास्तकार इंग्रजीस भेटला तो शाळेत नव्हे, कापसाच्या बाजारात. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) लँकेशायरला कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या रुईस सोन्याचे मोल आले. आगगाडी आली, १८७० साली खामगावचा फाटा खुद्द लॉर्ड मेयोच्या हस्ते उघडला, आणि मागाहून मूर्तिजापुराहून दर्यापूर, अंजनगाव करीत अचलपुरास जाणारी ती लहान रुळांची गाडी आली, जिला लोक पुढे प्रेमाने शकुंतला म्हणू लागले. जीन, प्रेस, टेसन, तिकीट, गारड हे शब्द वऱ्हाडीने विनातक्रार पोटात घातले. देणेघेणे एकतर्फीही नव्हते. अमरावती अथवा उमरावती या नावावरून लिव्हरपूलच्या पेढ्यांवर वऱ्हाडी कापसास 'ऊमरा' म्हणत असत. इंग्रज दलालाच्या तोंडी आमच्या गावाचे नाव बसले, त्याने त्याची भाषा बाटली नाही.

सर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषापाहणीचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात वऱ्हाडीचे नमुने मराठीच्या पोटी छापलेले आहेत. बायबलातील उधळ्या पुत्राची गोष्ट प्रत्येक बोलीत उतरवून घेण्याची त्यांची रीत होती. ज्या बोलीबद्दल शाळेत छडी बसे, तिचे व्याकरण एका आयरिश गृहस्थाने आदराने टिपून ठेवावे, हे आम्हांस थोडे लाजिरवाणे वाटते. रेव्हरंड ड्रेक यांचे कोरकू व्याकरणही त्याच सुमारास, १९०३ साली, निघाले होते.

१९२२ च्या सुमारास मध्यप्रांत-वऱ्हाडच्या हायस्कुलांत इंग्रजीऐवजी देशी भाषांतून शिक्षण देण्याचा उपक्रम सुरू झाला. या बाबतीत हा प्रांत पुष्कळांच्या पुढे होता. १९२३ साली अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघाले, आणि पोरास मुंबई-पुणे दाखविल्यावाचून पदवी मिळू लागली. याच पिढीत पापळ गावच्या एका शेतकरी घरातून पंजाबराव देशमुख निघाले. १८९८ चा जन्म. प्राथमिक शिक्षण खेड्यात, मग अमरावतीचे हिंदू हायस्कूल, मग फर्ग्युसन. तेथून एडिंबरो व ऑक्सफर्ड. वेदवाङ्मयातील धर्माच्या उगमावर त्यांनी इंग्रजीत लिहिलेला प्रबंध १९३३ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्याने ग्रंथरूपाने काढला. बॅरिस्टर झाले, १९३० साली प्रांताचे मंत्री झाले, स्वतंत्र भारताचे कृषिमंत्री झाले. त्यांच्या घरची बोली पापळची वऱ्हाडी होती. ती आड आली असती तर पहिल्याने त्यांच्या आड यावयास हवी होती. त्यांनी उभारलेल्या श्रीशिवाजी शिक्षणसंस्थेचे महाविद्यालय आज दर्यापुरासही आहे.

पंजाबरावांच्या जोडीने आठवावयाचे ते गाडगेमहाराज. १८७६ साली शेंडगावी, म्हणजे दर्यापूरच्या जुन्या मुलखातच, ते जन्मले. अक्षरओळख नाही, कीर्तन मात्र असे की प्रश्न विचारता विचारता श्रोत्यांकडूनच उत्तर वदवून घ्यावयाचे, आणि ते अस्सल वऱ्हाडीत. एक वेळ जेवणाचे ताट मोडा, पण पोरास शाळेत घाला, असे ते सांगत. शाळेची ही एवढी ओढ त्यांनी ज्या भाषेत लावली ती शाळेत निषिद्ध होती. १९५६ च्या २० डिसेंबरास ते अमरावतीजवळ निवर्तले. १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या विद्यापीठास हल्ली त्यांचेच नाव आहे. त्याच्या प्रश्नपत्रिका मराठीत व इंग्रजीत निघतात.

येथे एका परदेशाचे उदाहरण दिल्यावाचून राहवत नाही. वेल्स देशात एकोणिसाव्या शतकात शाळेत वेल्श शब्द उच्चारणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवीत. दुसरा मुलगा वेल्श बोलताना सापडला की तो त्याच्या गळ्यात जाई, आणि शेवटी ज्याच्या गळ्यात राहील त्यास मार. १८४७ च्या सरकारी अहवालाने त्या देशातील अज्ञानाचे खापर वेल्श भाषेवर फोडले. आईबापांनीही मुलांच्या हिताकरिता ते मान्य केले. १९०१ साली तेथे सुमारे निम्मे लोक वेल्श बोलत. २०२१ च्या खानेसुमारीत शंभरात अठराच उरले. लाकडाचा तुकडा नाहीसा झाला तरी त्याचे काम आता त्या भाषेस शाळेत परत आणू पाहणारे लोक निस्तरीत आहेत.

परंतु आईबापांस दोष देऊन आम्ही मोकळे होऊ इच्छीत नाही. ज्यांच्या बोलण्यास शुद्ध मराठीवाल्यांनी दोन पिढ्या नाक मुरडले, त्यांस इंग्रजी ही अधिक न्यायी वाटली तर त्यात नवल काय? इंग्रजी वर्गात पाटलाचा मुलगा, देशपांड्यांचा मुलगा आणि वेशीबाहेरच्या वस्तीतला मुलगा हे तिघेही सारखेच परके असतात; ग्रांथिक मराठीच्या वर्गात तसे नव्हते. ज्यांनी "मले" यास हसून मुलांची जीभ बांधली, त्यांनीच आज ती मुले मराठी शाळा सोडून चालली म्हणून शोक करावा, हे आम्हांस पटत नाही. इंग्रजी आली पाहिजे, आणि ती दर्यापूरच्या कुणब्याच्या पोरासही आली पाहिजे. वाद आहे तो फक्त किमतीबद्दल. उद्धव शेळके यांची 'धग' १९६० साली निघाली तेव्हा वऱ्हाडी बोलीत केवढे दुःख मावते ते सर्व मराठी वाचकांस कळले. ती वाचून समजणारे वऱ्हाडी घर पन्नास वर्षांनी राहील की नाही, हा प्रश्न किमतीच्याच हिशेबातला आहे.

२००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला, आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या गाड्या आता तालुक्याच्या खेड्यांपर्यंत जातात. त्यातील मुलांस सफरचंदाचे इंग्रजी नाव येते. पराटी, तुराटी, कुटार हे शब्द विचारले तर ती आजीकडे पाहतात. इंग्रजी पुस्तक घडाघडा वाचणारी पण वाचलेले कोणत्याच भाषेत सांगू न शकणारी मुले आम्ही पुष्कळ पाहिली. मात्र ज्या घरी आजी रात्री गोष्ट सांगते, आणि ती सांगताना तिला कोणी दुरुस्त करीत नाही, तेथील मुले इंग्रजीत मागे पडलेली आम्हांस दिसली नाहीत.

दिवाळीनंतर वेचणीस आलेली कोरकू कुटुंबे दर्यापूरच्या आसपासच्या वावरांत पाले ठोकून राहतात. १९५६ च्या घटनादुरुस्तीने अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे अशी तजवीज राज्यांवर सोपविली. मेळघाटातील मुलाची पहिली शाळा मात्र बहुधा मराठीच असते. पुण्याच्या मराठीने वऱ्हाडी पोरास जे केले, तेच आता आमची मराठी त्यास करते. असे एक आठ-नऊ वर्षांचे पोर आम्ही धुऱ्यावर पाहिले. आईशी ते कोरकूत बोलत होते, कास्तकाराशी वऱ्हाडीत, आणि काटा घेऊन आलेल्या व्यापाऱ्याशी हिंदीत, किलोंचा हिशेब न चुकता. शाळेत त्याचे नाव दाखल होते. तेथे काय येते म्हणून विचारले, तेव्हा ते म्हणाले, "काहीच नाही."